असोसिएशनची मेंबरशिप घ्यायची तर कशासाठी? मराठवाड्यात बिझनेस ट्रॅव्हलचं काम करणाऱ्यांसाठी

संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीतल्या कंपन्यांचं ट्रॅव्हलचं काम करणारी नवी पोरं हल्ली एकच विचारायलेत, असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का, घेतली तर कोणती, आणि वर्षाला फी भरून हातात काय पडतं. कंपन्यांच्या ॲडमिन आणि एचआरमधली मंडळी पण विचारतात, कारण तिकिटं, हॉटेल, गाड्या बघायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलेलं असतं आणि ते कसं करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. माझं मत आधीच सांगतो, असोसिएशन लई कामाची गोष्ट आहे, पण तिथं जाऊन काम मागावं लागतं, नुसतं सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावलं तर फी पाण्यात गेली समजा.

सगळ्यात आधी हे बघा की तुम्ही टेबलाच्या कोणत्या बाजूला बसता. तुम्ही तिकिटं विकता की कंपनीसाठी विकत घेता? कारण एजंटांच्या संघटना वेगळ्या, कंपनीच्या ट्रॅव्हल मॅनेजर लोकांच्या वेगळ्या, एअरलाइन्सची वेगळी, आणि उद्योजकांच्या आणखी वेगळ्या. लोक हे सगळं एकाच पोत्यात भरतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही.

मराठवाड्यात धंदा करायचा तर पहिली मेंबरशिप मी ट्रॅव्हलवाल्यांच्या संघटनेची घ्या असं सांगत नाही, उद्योजकांच्या संघटनेची घ्या म्हणतो. संभाजीनगरात सीएमआयए आहे, म्हणजे चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर, आणि लघुउद्योजकांची मसिआ आहे. जालना, लातूर, नांदेडला पण व्यापारी-उद्योजकांच्या आपापल्या संघटना आहेत. कामून म्हणतो तर तुमचं गिऱ्हाईक तिथं बसलेलं असतं. जालन्याचा स्टीलवाला, बियाणांच्या कंपनीचा मार्केटिंग हेड, वाळूजचा ऑटो पार्ट बनवणारा, हे लोक ट्रॅव्हल एजंटांच्या अधिवेशनाला कधीच येणार नाहीत, पण चेंबरच्या बैठकीला येतात. तिथं गेल्यावर व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरू नका, प्रत्येक जण तेच करतो. त्यापेक्षा त्यांचा त्रास ऐका. एक जण म्हणेल आमचा जर्मन इंजिनिअर दिल्लीला उतरला आणि पुढची फ्लाइट चुकली, दुसरी दुसऱ्या दिवशीच होती. दुसरा म्हणेल आमची माणसं पुण्यापर्यंत गाडीनं जाऊन तिथून विमान धरतात. हे सगळं लिहून ठेवा, कारण यातूनच ते काम उभं राहतं जे एकट्या एजंटला कधीच जमत नाही.

ते काम म्हणजे फ्लाइट मागणं. हे जरा सविस्तर सांगतो कारण मराठवाड्याला याची सगळ्यात जास्त गरज आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावर काय अवस्था झाली ते इथल्या प्रत्येक कंपनीवाल्याला आठवत असेल. नांदेडचं बघा, छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, देशातल्या पहिल्या मोजक्या रूटमध्ये नांदेडचं नाव होतं, आणि नंतर ती सेवा टिकली नाही. विमान सुरू करून घेणं एक काम आणि ते टिकवणं दुसरं काम, आणि दोन्हीसाठी आकडे लागतात. "आमच्या शहरावर अन्याय होतोय, विमान सुरू करा" असं निवेदन एअरलाइनच्या ऑफिसात ढिगानं पडलेलं असतं. एअरलाइन बघते की आठवड्याच्या कोणत्या दिवशी किती सीट भरतील, त्यात शेवटच्या क्षणी जास्त भाडं देणारे कंपनीवाले किती, जाताना भरून गेलेलं विमान येताना रिकामं येणार का, आणि मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची वेळ, मिळणार का.

मग हे कसं करायचं. संघटनेतल्या कंपन्यांना एक साधा तक्ता द्या आणि मागच्या वर्षभराचा प्रवास भरून घ्या. कुठून कुठं, आठवड्यातला वार, सकाळी हवं होतं की संध्याकाळी, एकूण माणसं किती, आणि सगळ्यात महत्त्वाचा कॉलम म्हणजे विमान नव्हतं किंवा वेळ जमत नव्हती म्हणून पुणे किंवा मुंबईला गाडीनं जाऊन तिथून किती जण उडाले. हा शेवटचा आकडा एअरलाइनकडे नसतोच, कारण त्यांच्या सिस्टीममध्ये ती माणसं पुण्याची म्हणून मोजली जातात. कर्मचाऱ्यांची नावं मागू नका, त्यांची गरजही नाही आणि कंपन्या देणारही नाहीत. वेळेचं वेगळं लिहा, कारण भर दुपारी येणारं विमान पर्यटकाला चालतं, कामाला जाणाऱ्याला चालत नाही, त्याला सकाळी जाऊन रात्री घरी यायचं असतं, नाहीतर एका मीटिंगसाठी हॉटेलची एक रात्र वाढते. हे सगळं एका पानात बसवा, संघटनेच्या लेटरहेडवर घ्या, आणि एअरलाइनच्या नेटवर्क प्लॅनिंगकडे (कोणत्या रूटवर विमान घालायचं ते ठरवणारा विभाग), एअरपोर्ट डायरेक्टरकडे आणि खासदारांच्या ऑफिसला द्या. आणि फ्लाइट सुरू झाली की विसरून जाऊ नका, पहिले सहा महिने त्याच कंपन्यांना त्याच विमानानं पाठवा. विमान मागताना सह्या करणारे नंतर समृद्धीनं गाडी काढून मुंबईला जातात आणि मग विमान बंद झालं की परत निवेदन, असं चालणार नाही.

आता एजंटांच्या संघटना. देशात सगळ्यात जुनी ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे टाई, १९५१ ची. मग ट्रॅव्हल एजंट्स फेडरेशन ऑफ इंडिया, टाफी, १९८६ ची. परदेशी पाहुणे भारतात आणणाऱ्या टूर ऑपरेटर्सची आयएटीओ १९८२ ची, आणि देशांतर्गत टूर करणाऱ्यांची एडीटीओआय १९९६ ची. तुमचं मुख्य काम कंपन्यांची विमान तिकिटं असेल तर टाई किंवा टाफी बघा. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी ग्रुप आणत असाल तर आयएटीओ. दोन्ही करत असाल तरी सुरुवातीला एकच घ्या आणि तिथं नीट काम करा.

फी भरायच्या आधी हे विचारून घ्या. आपण ज्या कॅटेगरीत बसतो तिला मतदानाचा हक्क आहे का. आपल्या भागाच्या चॅप्टरची, म्हणजे शाखेची, बैठक कुठं भरते, कारण दरवेळी मुंबई-पुण्याला जावं लागणार असेल तर तो खर्च आणि दिवसही फीमध्येच धरायचा. एअरलाइनशी वाद झाला तर तक्रार घ्यायला कुणी नेमलेला माणूस आहे का आणि त्यानं मागच्या वर्षी कोणत्या प्रकारच्या तक्रारी सोडवल्या. हे विचारलं की समोरचा नाराज होईल असं वाटतं, पण चांगल्या संघटनेचे पदाधिकारी असल्या प्रश्नाला खुशीनं उत्तर देतात.

इथं एक घोटाळा मिटवतो. आयाटा ही एजंटांची संघटना नव्हे. ती एअरलाइन्सची, १९४५ ला क्युबाच्या हवानात स्थापन झाली. आयाटा एजंट होणं म्हणजे त्यांचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता घेणं, त्यासाठी हिशोबाची कागदपत्रं लागतात, प्रकाराप्रमाणे बँक गॅरंटी लागते, आणि तिकिटांचे पैसे बीएसपी नावाच्या सेटलमेंट सिस्टीममधून ठरलेल्या तारखेला भरावे लागतात, तारीख चुकली तर माफी नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या एजंटला सुरुवातीला याची गरज पडत नाही, तो मोठ्या कन्सॉलिडेटरच्या, म्हणजे छोट्या एजंटांना घाऊकमध्ये तिकिटं देणाऱ्याच्या, पोर्टलवर वॉलेटमध्ये पैसे टाकून तिकीट काढतो. त्यात वाईट काही नाही, फक्त एक लक्षात ठेवा, तेव्हा एअरलाइनच्या वहीत नाव कन्सॉलिडेटरचं असतं, तुमचं नसतं. ही गोष्ट चांगल्या दिवसात जाणवत नाही, एअरलाइन बुडाली की जाणवते.

आणि एअरलाइन्स बुडतात. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. जेटच्या लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायचा, आदेश सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरात दिला, म्हणजे विमानं थांबल्यावर साडेपाच वर्षांनी. गिऱ्हाईक एवढं थांबत नाही, कंपनीचा अकाउंट्सवाला दुसऱ्याच दिवशी फोन करतो की आमचे पैसे कुठं आहेत. अशा वेळी संघटना दोन कामाची असते. एक म्हणजे सगळ्या एजंटांची थकबाकी एकत्र करून केंद्राच्या विमान मंत्रालयापुढं मांडते. दुसरं म्हणजे क्लेम कसा भरायचा ते सांगते, कारण दिवाळखोरीची केस सुरू झाली की रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे त्या केससाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ठरलेल्या नमुन्यात आणि मुदतीत दावा दाखल करावा लागतो. पण तो दावा संघटना तुमच्यासाठी भरत नाही. म्हणून आजपासून प्रत्येक कॉर्पोरेट तिकिटामागे पीएनआर, तिकीट नंबर, बँकेचा यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, वॉलेटचं त्या दिवसाचं स्टेटमेंट आणि कंपनीची बुकिंगची मेल हे एकाच फोल्डरला ठेवा, आणि महिन्याला कन्सॉलिडेटरकडून लेजर कन्फर्म करून घ्या. दावा करायची वेळ आली तर हा कागद त्याच्या मार्फतच पुढं जातो. विमान रद्द झालं तेव्हाचं पण सांगतो. डीजीसीएच्या, म्हणजे विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी एअरलाइनवर टाकलेली आहे, कारण एजंट हा त्यांचाच नेमलेला प्रतिनिधी धरला जातो. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा ज्याला हा नियम माहीत होता त्यानं गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलणं केलं.

टॅक्सच्या बाबतीत पण संघटनेचा आवाज लागतो. जालन्याच्या बियाणं कंपन्या, सिमेंटचे डीलर हे वर्षातून एकदा बँकॉक-दुबईला डीलर टूर नेतात, त्यावर टीसीएस लागतो, म्हणजे टूर विकतानाच गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स. २०२३ ला तो सरसकट २० टक्के होणार होता, जुलैची तारीख पण पडली होती, मग ती ऑक्टोबरवर गेली आणि सात लाखांपर्यंत ५ टक्केच ठेवला, पुढं २०२५ च्या एप्रिलपासून ही मर्यादा दहा लाख झाली, आणि २०२६ च्या एप्रिलपासून मर्यादाच काढून सरसकट २ टक्के केला. एकट्या एजंट संघटनांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी सतत निवेदनं दिली, आणि त्या निवेदनात गावाकडच्या एजंटचे आकडे फार कमी असतात. संघटनेनं माहिती मागवली की भरून पाठवा. दहा मिनिटं लागतात, आणि आपल्या भागाची अडचण कागदावर येते.

आता एक गोष्ट जी संघटनेकडून कधीच करून घ्यायची नाही. "आपण सगळे मिळून सर्व्हिस चार्ज एवढाच ठेवू, खाली कुणी जायचं नाही" किंवा "अमक्या एअरलाइनचं तिकीट कुणीच विकू नका". ऐकायला एकीचं वाटतं, पण कॉम्पिटिशन ॲक्टप्रमाणे गुन्ह्यासारखंच महागात पडतं. एअरलाइन्सनी एजंटांचं कमिशन बंद केलं त्या काळात सिंगापूर एअरलाइन्सवर बहिष्काराचं प्रकरण झालं होतं, जो एजंट त्यात सामील झाला नाही तो तक्रार घेऊन गेला, आणि २०११ ला कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे स्पर्धा आयोगानं, टाई, टाफी आणि आयाटा एजंटांची आयएएआय या तिन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. दंडाचा आकडा लहान आहे, पण आयोगानं रेषा कुठं आखली ते त्यातून कळतं. एकत्र येऊन सरकारला निवेदन द्या, एअरलाइनशी चर्चा करा, ट्रेनिंग घ्या, पण दर ठरवणं आणि बहिष्कार टाकणं हा विषय व्हॉट्सॲप ग्रुपवर पण काढू नका. कुणी काढला तर तिथंच लिहा की मी यात नाही, आणि ग्रुप सोडा.

कंपनीच्या बाजूनं बसणाऱ्यांसाठी जगातली मोठी संघटना म्हणजे ग्लोबल बिझनेस ट्रॅव्हल असोसिएशन, जीबीटीए, १९६८ ला अमेरिकेत सुरू झालेली. तिच्या बरोबरीची एसीटीई नावाची होती, ती कोविडमध्ये २०२० ला बंद पडली, म्हणजे संघटना पण बुडू शकते, म्हणून एकदम अनेक वर्षांची फी आगाऊ भरू नये असं मला वाटतं. जीबीटीएची फी डॉलरमध्ये असते, शेंद्र्याच्या मध्यम कंपनीनं लगेच घ्यावी असं मी सांगणार नाही. आधी जे फुकट मिळतं ते वापरा, त्यांचे वेबिनार असतात, दरवर्षीच्या बिझनेस ट्रॅव्हल इंडेक्सचा सारांश येतो, ट्रॅव्हल पॉलिसीत काय असावं यावर भरपूर वाचायला मिळतं. ज्याला याच लाइनमध्ये करिअर करायचंय, उद्या पुण्याला किंवा बंगळुरूला मोठ्या कंपनीत जायचंय, त्यानं त्यांच्या जीटीपी, म्हणजे ग्लोबल ट्रॅव्हल प्रोफेशनल, सर्टिफिकेशनचा विचार जरूर करावा.

पण तिथलं जसंच्या तसं उचलू नका. परदेशी पॉलिसीत विमानाचा क्लास, क्रेडिट कार्ड, लाउंज यावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडं सगळ्यात मोठा धोका रात्रीच्या रस्त्याचा आहे. माणूस रात्री उशिरा मुंबईला उतरतो आणि सकाळी प्लांटला हजर राहायचं म्हणून तशीच गाडी काढतो, ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून आलेला असतो, समृद्धी सरळ आणि रिकामी, डोळा लागायला वेळ लागत नाही. ट्रॅव्हल रिस्कसाठी २०२१ ला आयएसओ ३१०३० नावाचं स्टँडर्ड आलंय, त्याचा गाभा एवढाच की कामासाठी पाठवलेल्या माणसाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीनं आधी विचार करून घ्यायची. आपल्या पॉलिसीत ती दोन वाक्यांत लिहिता येते. रात्री दहानंतर उतरणाऱ्यानं त्याच शहरात मुक्काम करायचा, हॉटेलचं बिल कंपनी देईल, कुणाची परवानगी लागणार नाही. आणि ड्रायव्हर त्या दिवशी आधी किती तास चालवून आलाय हे गाडीवाल्यानं बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहायचं. माणूस वाचणं हे हॉटेलच्या कोणत्याही बिलापेक्षा मोठं आहे, हे मॅनेजमेंटला स्पष्ट शब्दांत सांगा.

जीएसटीचं पण चेंबरच्या सीए सेशनमध्ये बसून एकदा नीट शिकून घ्या, यात कंपन्यांचे पैसे गपचूप जातात. तुमचा इंजिनिअर बंगळुरूच्या हॉटेलात राहिला तर तिथं कर्नाटकचा जीएसटी लागतो, कारण हॉटेल जिथं असेल तिथंच ती सेवा दिली असं धरतात, आणि महाराष्ट्राच्या नंबरवर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो टॅक्स कंपनीला आपल्या टॅक्समधून वजा करता येत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के झाला, पण हॉटेलवाल्याला त्यावर इनपुट क्रेडिट नाही, म्हणून दर ठरवताना टॅक्स धरून एकूण किती पडतं तेच विचारा. विमान तिकिटाचं वेगळं, तिथं कंपनीचा जीएसटी नंबर बुकिंग करतानाच टाकावा लागतो, नंतर मेल करून फारसं काही होत नाही. आणि हॉटेलच्या डेस्कवर काय होतं बघा, पहाटे गाडी खाली उभी, माणूस चेकआउट करायला, बिल त्याच्या स्वतःच्या नावानं छापलेलं, तो सही करून निघतो. म्हणून कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर बुकिंगच्या मेलमध्येच टाका आणि प्रवाशाला मोबाइलवर एक फोटो पाठवून ठेवा, तो डेस्कवर दाखवला की बिल जागेवर बदलून मिळतं.

संघटनांची अधिवेशनं, ट्रॅव्हलवाल्यांचे रोड शो यांचं थोडक्यात. नवीन माणसानं वर्षात एकच करावं, जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत, आणि एअरलाइनच्या सेल्सवाल्याला फोटोसाठी न भेटता त्या प्रश्नासाठी भेटावं. परत आल्यावर दोन दिवसांत मेल टाकावी. बाकी जेवणखाण, बक्षीससमारंभ हे चालत राहतं.

शेवटचं काम आपल्याकडं अजून पुरतं झालेलं नाही आणि ते तुम्हीच करू शकता. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडच्या कंपन्यांमध्ये ट्रॅव्हल बघणारी जी ॲडमिनची माणसं आहेत त्यांनी आपापल्या औद्योगिक संघटनेत अर्ज देऊन ट्रॅव्हलचा छोटा गट मागून घ्यावा. वेगळी नोंदणी नको, वेगळी फी नको, संघटनेचा हॉल आणि लेटरहेड मिळालं तरी बास. गटात व्हेंडरचे दर एकमेकांना सांगत बसू नका, तो धोका वर सांगितलाय. पण कोणत्या हॉटेलात रात्री दोनला चेक-इन मिळतं, एकट्या महिला इंजिनिअरला कुठं सुरक्षित वाटलं, कोरियन किंवा जपानी पाहुण्याला साधं जेवण कुठं मिळतं, कोणत्या ड्रायव्हरला एअरपोर्टवर इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येतात, ही माहिती आज प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळी पडलीय. पहिल्या बैठकीला विषय एकच ठेवा, रात्री उशिरा उतरणाऱ्या पाहुण्याचं आपण काय करतो, आणि प्रत्येकाला आपल्या कंपनीची सध्याची पद्धत एका कागदावर लिहून आणायला सांगा.